रस्त्यावरचा मका

छबूबाईचं आणि माझं बोलणं बंद आहे, आणि ते बंदच बरं. कुणी विचारलं तर मी सांगते, तिच्या मक्यामुळं. तिला विचाराल तर ती सांगेल, माझ्या तोंडामुळं. दोन्ही खरं आहे, पण माझं जरा जास्त खरं आहे.

सोनईच्या अलीकडं रस्त्याला लागून आमची वस्ती. सोनईकडं तोंड केलं की उजव्या हाताला आधी आमचं घर, मग छबूबाईचं, आणि पुढं नजरेच्या टप्प्यात शाळेचा फाटा. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की डांबर. ते डांबर सरकारला वाटतं सरकारचं आहे. छबूबाईला वाटतं, तिच्या घरापुढं आहे म्हणजे तिचं. दिवाळी झाली, मका मळून झाला की ती अर्धा रस्ता दाण्यांनी भरून टाकते. वरून गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेनं दगड मांडते, चांगले नारळाएवढे. आमच्याकडं सगळेच डांबरावर वाळवण घालतात, मी नाही म्हणत नाही. डांबर तापतं, दाणा लवकर वाळतो. पण बाकीची माणसं मका भरला की दगडही उचलतात. छबूबाईचा मका पोत्यात जातो आणि दगड होळीपर्यंत रस्त्यात पडून राहतात.

त्यात आदिनाथ. आमच्याच वस्तीच्या टोकाला राहतो आणि हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो, मागं दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरला आरसा नाही. गाणी मात्र अशी लावतो की तो दिसायच्या आधी आमच्या भांड्यांना कळतं.

आणि माझी सृष्टी, नववीतली, याच रस्त्यानं सायकलवर शाळेत जायची. मी काही तिला वाऱ्यावर सोडली नव्हती. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "उजव्या अंगानं जायचं. समोरनं येनारं आपल्याला दिसलं पायजे. पाठीमागनं येनाऱ्याचा काय भरवसा?" दिसतंय ते चुकवता येतं, हे कुणालाही पटेल. मला तर इतकं पटलेलं होतं की मी वस्तीतल्या बाकीच्या पोरींनाही तेच शिकवलं.

कारखाना सुरू झाला त्याच आठवड्यात सृष्टी पडली. मी गोठ्यात होते. आधी आदिनाथचं गाणं ऐकू आलं, मग गाण्यातून माणसांचं ओरडणं. पळत गेले तर माझी पोरगी छबूबाईच्या मक्यात पडलेली, उजवा हात नको तिथं वाकलेला. समोरून ट्रॅक्टर आला होता, मक्यामुळं रस्त्याच्या मधून. ती मका चुकवायला मध्ये गेली, ट्रॅक्टर बघून परत वळली, दाण्यांवरून चाक सरकलं आणि हात दगडावर. दप्तर उडून पलीकडं पडलं आणि त्याच्यावरून ट्रॉलीचं चाक गेलं. डबा मी नंतर काढला. भाकरीएवढा पातळ झाला होता. तो मी टाकला नाही, फडताळात ठेवला. राग थंड व्हायला लागला की काढून बघायचे.

हाताला प्लास्टर बसलं. सृष्टीचे पप्पा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, ते शनिवारी येतात आणि आल्यावर नाना म्हणतील त्याला मान डोलावतात. नाना म्हणजे माझे सासरे, घरचा कारभार त्यांच्याच हातात. कमी बोलतात. त्या शनिवारी ओट्यावर बसून म्हणाले, "प्लास्टर निघूस्तोवर बघू. रस्ता असाच ऱ्हायला तर पोरीला मामाकडं पुनतांब्याला धाडायची. तिथं शाळा दारात हाय."

"आन दहावी?" मी विचारलं.

"ती बी तिकडंच."

म्हणजे पोरगी घरातून गेली. दहावी झाली की पुढं कॉलेज, मग लग्न. मुलगी एकदा बाहेर पडली की पाहुणी म्हणूनच येते, हे मला स्वतःवरून माहीत आहे. माझ्या भावाचं घर चांगलं आहे, वहिनी बरी आहे, पण म्हणून मी माझी पोरगी मक्याच्या दाण्यांपायी देऊन टाकू? मी ठरवलं, प्लास्टर निघायच्या आत या दोघांना वठणीवर आणायचं.

आधी छबूबाईकडं गेले. ती रस्त्यावर पायानं मका पसरत होती.

"काकू, मका उचला," मी म्हणाले.

"कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

"अंगन हाय की एवढं."

"अंगनाला ओल हाय. दान्याला बुरशी लागली की व्यापारी हात लावत न्हाई. ह्यो रस्ता माझ्या सासऱ्याच्या रानातनं गेलाय, जये. जमीन आमची गेली आन गाड्या तुमच्या पळत्यात."

"जमीन गेली म्हनून माझी पोरगी जाऊ द्यायची का?"

छबूबाईनं पाय थांबवला. "तुझ्या पोरीला मी बोलावलं नव्हतं. माझा मका एका जाग्यावर हुता. पळत आली ती तुझी पोरगी."

चोर तो चोर वर शिरजोर. मी तिला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. तिनं मला सव्याज परत केलं.

मग आदिनाथ. तो फाट्यावरच्या टपरीवर चहा पीत होता. मला बघून उभा राहिला, तेवढी रीत आहे त्याच्यात.

"वहिनी, पोरीचं वाईट वाटलं," तो म्हणाला. "पन माझी चूक न्हाई. भरल्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. म्या दाबला तर मागनं त्या ढकलत्यात, आडव्या हुत्यात. सायकलवाल्यानं बघून जायाचं."

"बघून काय करनार? घंटी वाजवली तर तुला ऐकू येती का? ते गानं बंद कर."

"गानं बंद केलं की झोप लागती. कारखान्यात नंबर लावून रात रात बसतो आमी. झोपलेला डायवर चालंल का तुमाला?"

"आन आरसा?"

"फांदीला लागून फुटला."

"कधी?"

"मागल्या हंगामात."

टपरीवरचे हसले. मला हसू आलं नाही. या माणसाच्या मागून उद्या कुणी आलं तर याला ते दिसणार नाही, आणि वर हाच सांगणार की बघून जायचं. मी तिथंच त्याला म्हणाले की तू ट्रॅक्टर चालवायच्या लायकीचा नाहीस. तो म्हणाला, तुमच्या पोरी तिघी-तिघी ओळीनं गप्पा मारत जातात, ते आधी बघा. मी म्हणाले, माझी पोरगी एकटी होती. तो म्हणाला, त्या दिवशी.

दोन्हीकडं शब्द वाया गेले, तेव्हा मी हात चालवले. दुपारी छबूबाई जेवून आडवी झाली होती. मी तिचे सगळे दगड एकेक करून उचलले आणि तिच्याच उकिरड्यावर नेऊन टाकले. पाठ भरून आली, पण जिवाला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत दोन टेम्पो आणि शिंगणापूरची एक गाडी मक्यावरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड नव्हते. दगडांच्या जागी छबूबाई होती. रस्त्यात, मक्याच्या कडेला, पोत्यावर मांडी घालून. डोक्यावर पदर, हातात काठी.

"दगड नेलंस ना," ती तिथूनच म्हणाली. "मला उचल आता."

त्यातही बसली कशी, तर सोनईकडून येणाऱ्या गाड्यांना पाठ करून. का, तर तोंड आमच्या घराकडं पाहिजे. मी काय करते ते बघायला. गाड्या मागून हॉर्न मारायच्या, ही मान वळवायची नाही. मला वाटायचं, हिला एखाद्या दिवशी उडवेल कुणीतरी. आणि खरं सांगते, वाटायचं की मग तरी अक्कल येईल. माणूस रागात असला की असलं काहीही वाटतं.

नाना ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "दगड गेलं, त्या जागी बाई बसली. रस्ता सुधारला म्हनायचा का बिघडला?" आणि आत जाऊन सृष्टीच्या मामाला फोन लावला. दाखल्याचं काय करायचं ते विचारत होते. सृष्टी खाटेवर बसून ऐकत होती. प्लास्टरवर मैत्रिणींनी पेनानं नावं लिहिली होती, त्यांवरून बोट फिरवत होती. ते मला बघवेना.

मी सायकल बाहेर काढली. हँडल जरा वाकडं झालं होतं, ते पायात धरून सरळ केलं.

"नाना, बघा तुमी," मी म्हणाले. "मी फाट्यापर्यंत जाऊन येती. ध्यान असलं की सायकल जाती का न्हाई ते बघा. फोन ठेवा तोवर."

लग्नाआधी मी सायकल चालवायचे. पदर खोचला आणि निघाले. अर्थातच उजव्या अंगानं. घंटी सारखी वाजवत होते, छबूबाईला ऐकू जावी म्हणून. ती माझ्याकडंच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, आता ही आपटणार.

मका आला. मी तो चुकवायला रस्त्याच्या मध्ये आले आणि आदिनाथचं गाणं ऐकू आलं. पाठोपाठ वळणावरून ट्रॅक्टर. त्याच्या बाजूला मका आणि छबूबाईची पाठ, म्हणून तोही मध्ये. आम्ही एकमेकांच्या बरोबर समोर. समोरून येणारं दिसलं की चुकवता येतं, असं मी वर्षभर पोरीला सांगत आले होते. मला दिसत होतं. सगळं दिसत होतं, त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा. चुकवायला जागा नव्हती.

त्यानं ब्रेक दाबला. ट्रॉल्यांनी मागून ढकललं आणि ट्रॅक्टर डांबरावरून तसाच घसरत यायला लागला, छबूबाईकडं. तिला तेव्हा कळलं. ती उठायला गेली, पण इतका वेळ मांडी घातलेली, गुडघे धरले. मी हँडल फिरवलं, चाक दाण्यांवर गेलं आणि मी सायकलसकट तिच्या अंगावर. आम्ही दोघी मक्यात लोळलो. ट्रॅक्टरचं पुढचं चाक मक्यात शिरून थांबलं. चाकाच्या आणि आमच्या मध्ये छबूबाईचं पोतं होतं, बस. वरून उसाची एक मोळी सुटली आणि पायाशी येऊन पडली. गाणं चालूच होतं.

तिनं माझा दंड धरला होता की मी तिचा, हे आम्हा दोघींनाही माहीत नाही. कळल्याबरोबर आम्ही सोडला.

आदिनाथ खाली उतरला. चाकाला टेकला. मग सुरू झाला. "काकू, तुमी रस्त्यात गाडीला पाठ करून बसता, चालता तवा बी पाठ करूनच. आन वहिनी, तुमी सायकल चालवता गाडीला तोंड करून. आवो, चालनाऱ्यानं येनाऱ्या गाडीकडं तोंड करायचं आन चाकावाल्यानं आपल्या डाव्या अंगानं जायाचं. दोघी बी उलट्या. मधल्यामधी माझा जीव जातोय."

"तू शिकवतो व्हय," मी म्हणाले. "आरसा न्हाई तुला."

"आन ते गानं कोन वाजवतंय, तुझा बाप?" छबूबाई म्हणाली. सगळ्या भांडणात तेवढ्या एका वाक्यापुरती ती आणि मी एका बाजूला होतो.

तोवर वस्ती गोळा झाली. मागं गाड्या थांबल्या, कुणी ऊस उचलू लागलं, कुणी मोबाईलवर शूटिंग. छबूबाई मक्यात बसूनच माझ्याकडं वळली.

"मला सांग जये, तुझी पोरगी डाव्या अंगानं गेली असती तर माझा मका तिला आडवा आला असता का? तिची वाट पलीकडनं हुती. इकडं काय करत हुती ती?"

माझ्याकडं उत्तर होतं. तुझ्या मक्यामुळं ट्रॅक्टर मधी येतो, म्हणजे डावीकडच्यालाही जागा उरत नाही, हे मी तिला सांगितलं, आणि ते खरंच आहे. पण गर्दीनं ते ऐकलं नाही. गर्दी सृष्टीकडं बघत होती. नाना तिला घेऊन आले होते.

"उजव्या अंगानं जायला तुला कुनी सांगितलं?" नानांनी विचारलं.

सृष्टीनं माझ्याकडं पाहिलं. केसात मका, पदर फाटलेला, गुडघा फुटलेला, अशी तिची आई रस्त्यात बसलेली.

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "माझी मीच जायची."

दगडावर हात मोडला तेव्हा ती रडली होती, आता रडत नव्हती. सगळ्या वस्तीसमोर सरळ उभी राहून माझ्यासाठी खोटं बोलत होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतका रागही कधी आला नव्हता, कुणाचा ते मात्र कळेना.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "तिला बी आन बाकीच्या पोरींना बी."

नानांनी मान हलवली. "मग पुनतांब्याला पोरीला कशाला, तुलाच धाडाया पायजे."

वस्ती हसली. छबूबाई तर पदर तोंडाला लावून हसली. ते हसणं मी आजही विसरलेले नाही.

आता लोक म्हणतात की त्या दिवशी आम्हाला शहाणपण सुचलं. शहाणपण वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली, हातानं धरून रस्ता ओलांडला आणि डाव्या अंगानं फाट्यापर्यंत गेले, घंटी वाजवत, छबूबाईच्या दारावरून मुद्दाम सावकाश. आता बोल, म्हटलं. बोलायला तिला जागाच ठेवली नाही. वस्तीतल्या पोरींना बोलावून सांगितलं की एकामागं एक आणि डावीकडून, आणि कुणी विचारलं तर सांगा, जयाकाकूनं सांगितलंय.

छबूबाईला हे कसं सहन व्हावं? दोन दिवसांत तिनं पोराकडून ताडपत्री आणवली, घराच्या स्लॅबवर अंथरली आणि पोतं पोतं मका वर चढवला. जिना चढताना मला ऐकू जाईल अशा आवाजात प्रत्येक पायरीला माझं नाव घेत होती. रस्त्यावर एक दाणा ठेवला नाही. दगड तर उकिरड्यावर होतेच. चालायला लागली तीही रस्त्याच्या उजव्या कडेनं, येणाऱ्या गाडीच्या डोळ्याला डोळा भिडवून. ड्रायव्हर लोकच तिला घाबरतात.

राहिला आदिनाथ. टपरीवर त्याला सगळे विचारायला लागले, बायांनी सुधारणा केली, तुझं काय. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आरसा बसवला, दोन्ही बाजूंना. ट्रॉलीच्या मागं लाल चकचकीत पट्ट्या चिकटवल्या. गाणं वस्तीत शिरताना बारीक करतो आणि माझ्या दारासमोर आल्यावर ट्रॅक्टर इतका हळू करतो की पायी जाणारा पुढं निघून जाईल. त्याला दाखवायचं असतं. मी बघत नाही.

प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, कातडी पांढरी पडलेली, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. नानांनी पुणतांब्याचं नाव काढलं नाही, मीही विचारलं नाही. सोमवारी सकाळी बघते तर नाना अंगणात सायकलला पंप मारत होते.

"हवा कमी हुती," ते म्हणाले.

सृष्टीनं रस्ता ओलांडला आणि डावीकडून निघाली. मी फाटकात उभी राहिले. छबूबाई तिच्या फाटकात उभी राहिली. आदिनाथचा रिकामा ट्रॅक्टर कडेला थांबला होता, तोही बघत होता. सृष्टी फाट्यावर उजवीकडं वळली आणि झाडाआड गेली.

"वळताना हात दावला न्हाई तिनं," छबूबाई हवेत बोलली, माझ्याकडं न बघता. "मागनं येनाऱ्याला कसं कळावं? शिकवायचं तर नीट शिकवावं मानसानं."

माझ्या जिभेवर बरंच होतं. पण हात दाखवला नव्हता, हे मीही पाहिलं होतं. मी फाटक लावून आत आले.

संध्याकाळी ताट वाढताना सृष्टीला म्हणाले, "उद्या फाट्यावर वळताना उजवा हात बाहेर काढायचा. पुरता. छबूबाईला बोलायला जागा ठेवायची न्हाई."

"दुखतोय अजून, आई."

"दुखू दे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आम्ही दोघी आपापल्या फाटकात. सृष्टी लहान लहान होत गेली. फाटा आला. आधी तिनं मान वळवून मागं पाहिलं आणि मग तो बारीक, पांढरा हात आडवा बाहेर आला. वळून जाईपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.

छबूबाईकडं मी पाहिलं नाही. तिचं फाटक लागल्याचा आवाज तेवढा ऐकला.